साडेसातची पंगत

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की ती वेबसाईट एकामागून एक प्रश्न विचारत जाते. खोली खिडकीची हवी की बिनखिडकीची? विमा हवा का? इंटरनेटचं पॅकेज? आणि अगदी शेवटाकडे, आपण कंटाळून नुसतं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत असताना, एक निरुपद्रवी प्रश्न येतो. रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी घेणार, की तुमच्या सोयीनं, कधीही?

मी अर्धा सेकंदसुद्धा विचार केला नाही. कधीही! सुट्टीवर जायचं आणि वर घड्याळ लावून जेवायचं? ते काय हॉस्टेल आहे?

बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, "अरे, बाबांचं संध्याकाळचं इन्शुलिन असतं ना?"

"म्हणून तर फ्लेक्झिबल घेतोय," मी म्हटलं. "त्यांना हवं तेव्हा जाता येईल."

आता हे वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. पण ते पुढे.

तर मंडळी, ही गोष्ट जून २०२३ ची. सिएटलहून निघून अलास्का बघून सात रात्रींनी सिएटललाच परत, अशी ट्रिप. आम्ही दोघं, आमची आठ वर्षांची कन्या आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बाबा एकटे राहायचे, फोनवर "मी मजेत आहे" म्हणायचे. मी त्यावर विश्वास ठेवायचो, कारण तेच सोयीचं होतं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या छोट्या खोलीत माईक घेऊन बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. हयात वेळापत्रकात गेलेली. सात वाजता इन्शुलिन, साडेसातला जेवण, दहाला दिवे बंद. आई असताना साडेसातला स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, ताट वाढलंय". ती हाक सात चाळीसला आली असं मला तरी आठवत नाही.

बोटीवरच्या जेवणाची भानगड मी त्यांना विमानतळावरून घरी येताना गाडीतच समजावून सांगितली होती. ठरलेल्या वेळेच्या जेवणात दोन पंगती असतात. पहिली साडेपाचच्या सुमारास, दुसरी पावणेआठ-आठला. आठवडाभर तुमचं टेबल तेच, वेटर तोच. दुसऱ्या प्रकारात साडेपाच ते साडेनऊ कधीही जा, टेबल मोकळं असेल तिथे बसवतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत एक स्टॅटिक अलोकेशन आणि दुसरं डायनॅमिक.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे एक रिझर्वेशनची सीट, आणि दुसरं खिडकीतून रुमाल टाकणं."

मी हसलो. हसायला नको होतं. बाबांनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं होतं.

पहिल्या रात्री रुमाल बऱ्यापैकी पडला. वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागलं, पण जहाज नुकतंच सुटलेलं, सिएटलच्या इमारती लहान होत चाललेल्या, सगळे खुशीत. वेटर चांगला होता. त्याला आम्ही पंधरा मिनिटं खर्चून समजावलं की बाबांना बीफ नको, पोर्क नको, मासेसुद्धा नकोत, आणि सूपमध्ये चिकनचा स्टॉक असेल तर तेही नको. दुसऱ्या रात्री दुसरं टेबल, दुसरा वेटर, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रत्येक रिक्वेस्टला नव्यानं लॉगिन. सेशन नावाची वस्तूच नाही.

पण दुसऱ्या रात्रीची खरी गोष्ट ती नाही.

अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे. आमच्या जहाजानं पहिल्याच रात्री झोपेत घड्याळं एक तास मागे केली. खोलीत तशी चिठ्ठीही आली होती. आम्ही नवरा-बायकोनं आपापले फोन नीट लावले. बाबांचा फोन मात्र मी निघतानाच एअरप्लेन मोडवर टाकला होता, कारण भर समुद्रात फोननं जहाजाचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल बघून चक्कर येते. त्यामुळे त्यांचा फोन सिएटलच्याच वेळेवर राहिला. त्यात संध्याकाळचे दोन गजर लावलेले, एक सातचा आणि एक साडेसातचा.

सातचा गजर झाला तेव्हा जहाजावर सहा वाजले होते. बाहेर बघून वेळ कळायचा प्रश्नच नव्हता. जूनमध्ये तिकडे रात्री दहाच्या पुढे सूर्य मावळतो, दिवेलागण कशाशी खातात हेच माहीत नाही. बाबांनी आपल्या खोलीत शिस्तीत इन्शुलिन घेतलं. त्यांचं ३०/७० वालं, म्हणजे टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायला हवं. ते तयार होऊन आमच्या दाराशी आले. आमचं आवरणं, कन्येचा सापडत नसलेला बूट, फोटो. पावणेसातला खाली पोचलो तर डायनिंग रूमबाहेर ही रांग. तिथल्या बाईंनी हातात एक पेजर ठेवला. चौघांचं टेबल, चाळीस मिनिटं.

मी मजेत होतो. रांगेकडे बघून बायकोला क्यूइंग थिअरी समजावत होतो. प्रत्येकाला कधीही या म्हटलं की सगळे साडेसहा ते सव्वासातच्या मध्येच येतात. स्वातंत्र्य दिलं की सगळे एकाच वेळी स्वतंत्र होतात! दोन पंगती केल्या की मात्र स्वयंपाकघराला नेमकं माहीत असतं की पावणेआठला इतकी माणसं बसणार, इतकी सूपं लागणार... असं माझं प्रवचन चालू होतं, तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, आजोबांचा हात ओला झालाय."

सव्वासात वाजले होते. वळून बघतो तर बाबा सोफ्याच्या कडेला ताठ बसलेले, कपाळावर घाम, बोटं थरथरताहेत. मला बघून हसायचा प्रयत्न केला. बायकोनं शेजारच्या बारवरून संत्र्याच्या रसाचा ग्लास जवळजवळ हिसकावून आणला. तो पाजला, मग ती खोलीकडे पळाली आणि मशीन घेऊन आली. रस पोटात गेल्यावरचं रीडिंग, ५८. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ८४. तेव्हा कुठे मला श्वास लागल्याचं लक्षात आलं. मी तर जागचा हललोही नव्हतो.

"बाबा, सांगायचं नाही का?"

"तुम्ही सगळे मजेत होता," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, आता होईल टेबल."

तेवढ्यात तो पेजर थरथरला. लाल दिवे लावून, अगदी उत्साहात.

त्या रात्री झोप लागली नाही. बारा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहितोय. टाईमझोनचे बग मी इतके काढलेत की टीममध्ये त्यावरून माझी चेष्टा होते. आणि घरच्या माणसाच्या बाबतीत नेमका तोच बग, माझ्याच हातानं. सकाळी उठून पहिलं काम केलं ते बाबांच्या फोनचं घड्याळ बदललं. बाबा म्हणाले, "बरोबर. गाडी ज्या डेपोत, घड्याळ त्या डेपोचं." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरं काम, डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला भेटलो आणि सगळं सांगितलं. पहिली पंगत भरलेली होती. तशीही साडेपाच ही आपल्याकडे चहाची वेळ. दुसऱ्या पंगतीत, पावणेआठला, एका कोपऱ्यात चौघांचं टेबल होतं. मी बाबांना घाबरत विचारलं, "पावणेआठ चालेल?"

"साडेसातची पावणेआठला म्हणजे एसटीच्या हिशेबात वेळेवरच," बाबा म्हणाले.

या ठरलेल्या-न ठरलेल्या वेळेच्या प्रकरणाचा घरी आल्यावर मी जरा शोध घेतला. (सवय वाईट.) 'कधीही जेवा' हे फॅड अलीकडचं असेल असं मला वाटायचं, आणि एका अर्थी ते खरं आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाईननं २००० साली 'फ्रीस्टाईल' नावानं ठरलेल्या वेळा आणि ठरलेली टेबलं काढून टाकली, आणि मग बाकीच्यांनीही तसे पर्याय आणले. डिस्नेवाल्यांनी १९९८ मध्ये पहिलं जहाज काढलं तेव्हापासूनची त्यांची गंमत वेगळीच. तुम्ही रोज वेगळ्या रेस्टॉरंटात जेवता, पण वेळ ठरलेली आणि वेटर तुमच्याबरोबर फिरतात. पण मुळात कल्पना त्याहून जुनी. १९०५ च्या 'अमेरिका' नावाच्या जर्मन जहाजावर श्रीमंतांसाठी वेगळं रेस्टॉरंट होतं, तिथे हवं तेव्हा, हवं ते, वेगळे पैसे मोजून जेवता यायचं. टायटॅनिकवरही तसं होतं. बाकीच्यांना पंगतीची वेळ पाळावी लागायची. थोडक्यात, हव्या त्या वेळी जेवणं ही पैसेवाल्यांची चैन होती. आता ती बुकिंगच्या वेबसाईटवर फुकट मिळते, म्हणून आपण डोळे झाकून घेतो.

आणि आणखी एक. सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेला निघालेले अठरा वर्षांचे गांधीजी जहाजाच्या टेबलावर जेवायला जातच नव्हते. काटे-चमचे धरता येईनात, आणि कुठला पदार्थ शाकाहारी हे विचारायचा धीर होईना. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं खोलीतच खायचे. आत्मकथेत त्यांनी स्वतःच सांगितलंय. हे वाचलं आणि मला बाबा आठवले. पहिल्या दोन्ही रात्री ते सुरी-काट्यानं एक बटाटा ताटभर पळवत होते, आणि मी त्याकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं.

तिसऱ्या रात्री पावणेआठला आमच्या टेबलाशी जो वेटर आला, त्यानं कन्येच्या तोंडचं मराठी ऐकलं आणि सरळ मराठीतच सुरू झाला. डिचोलीचा, म्हणजे गोव्याचा. गोव्यातून जहाजावर जाणारी माणसं पुष्कळ. तिकडे त्यांना 'तारवटी' असा खास शब्दच आहे. हा अकरा वर्षं जहाजावर, वडील पण तारवटीच. त्यानं बाबांचा पथ्याचा हिशेब एकदा ऐकला आणि वहीत लिहून घेतला. मग म्हणाला, "काका, आदल्या रात्री सांगून ठेवलं ना, तर किचनमधून डाळ-भात, भाजी येते. रोज वेगळा वेटर असला की हे जमत नाही, कारण आज सांगितलेलं उद्या कोण लक्षात ठेवणार?"

चौथ्या रात्री डाळ-भात आला, लिंबाच्या फोडीसकट. बाबांनी सवयीनं काटा उचलला. तो हळूच म्हणाला, "काका, हातानं जेवा. इथं कोण काय म्हणत नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझा काटा खाली ठेवला आणि पाव डाळीत बुडवला. कन्येला तर आयतंच निमित्त मिळालं. :-)

पाचव्या रात्रीपर्यंत अशी वेळ आली की आम्ही टेबलाशी पोचायच्या आत बाबांच्या जागेवर पाव आणि गरम पाणी ठेवलेलं असायचं. सात वाजता गजर, सव्वासातला इन्शुलिन, पावणेआठला समोर घास. उशीर नाही, रांग नाही, पेजर नाही. आणि एक नवीन गोष्ट दिसायला लागली. बाबा बोलायला लागले. ग्लेशियर बे बघून आलो त्या रात्री, बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना आवाज आधी आला की कडा आधी पडला, यावर बाबा आणि वेटर दहा मिनिटं वाद घालत होते. दुसरीकडे मी विचार करत होतो की माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, बाबा एवढं शेवटचं कधी बोलले होते?

उत्तर सोपं होतं. माझ्या घरी जेवणाचं टेबल वापरतच नव्हतं कोणी. कन्या सहाला तिच्या वेळी, बायको कॉल संपला की, मी नऊच्या पुढे लॅपटॉपसमोर. फ्रिज ते मायक्रोवेव्ह, फ्लेक्झिबल डायनिंग. आणि बाबा साडेसातला ओट्यापाशी उंच स्टुलावर, एकटे. मला वाटायचं, आपण त्यांच्या वेळेचा मान ठेवतोय.

शेवटच्या संध्याकाळी जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागलं. हा थांबा कायद्यापायी असतो. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन तिथेच परत यायचं असेल, तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला जावं लागतं. म्हणून सिएटलच्या बहुतेक अलास्का क्रूझ शेवटी व्हिक्टोरियाला तोंड दाखवून येतात, आणि पुष्कळदा नेमक्या जेवणाच्या वेळी. दुसऱ्या पंगतीवाल्यांचं हे एक नुकसान. एक तर जेवा, नाही तर गाव बघा. गावातली विधानसभेची इमारत रात्री हजारो दिव्यांनी उजळते, ती कन्येला बघायचीच होती.

"तुम्ही जा," बाबा म्हणाले. "मी जेवून घेतो. शेवटची रात्र आहे, तो वाट बघत असेल."

बायको आणि कन्या उतरल्या. मी बाबांबरोबर थांबलो. डायनिंग रूम निम्मी रिकामी. वेटरलाही जरा उसंत होती. बाबांनी त्याला विचारलं, "तू कधी जेवतोस?"

"आमचं काय काका, मिळेल तेव्हा. दोन पंगतींच्या मधे, नाही तर सगळं आवरल्यावर. पण आईला फोन असतो. इथं अलास्कात रात्रीचे आठ म्हणजे घरी दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ. माझी ड्युटी संपते तेव्हा तिचं दुपारचं जेवण असतं. ती जेवते, मी बोलतो."

बाबा मान हलवत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "आमची ही गेल्यापासून मी साडेसातचा गजर लावून जेवतो. हाक मारणारं कोणी नाही ना."

मी पाण्याचा ग्लास उचलला. दुसरा गजर. सातचा इन्शुलिनचा, हे मला माहीत होतं. साडेसातचा मी गेले तीन महिने माझ्या घरात, भिंतीपलीकडून, रोज ऐकत होतो. मला वाटायचं गोळीबिळीचा असेल. एकदा तर कॉलवर असताना "बाबा, तो बंद करा ना" असं ओरडलोही होतो.

घरी परतल्यावर मी भाषण वगैरे काही केलं नाही. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये साडेसात ते सव्वाआठ 'बिझी' असा रोजचा ब्लॉक टाकला. पहिल्या आठवड्यात दोन मीटिंग त्यावर येऊन आदळल्या. एक नाकारली, एक नाही नाकारता आली. कन्या कुरकुरली, मग तिला पाचला काहीतरी खायला देऊन बसवू लागलो. आणि साडेसातला मी बाबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन हाक मारायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं, गजर वाजलाच नव्हता.

आता प्रॅक्टिकल सल्ला, कारण तुमच्यातले काही जण केवळ त्यासाठी इथपर्यंत वाचत आलेत. नुसते नवरा-बायको असाल, रोज बंदरावर उशिरापर्यंत भटकणार असाल, तर फ्लेक्झिबल खुशाल घ्या. फक्त साडेसहा-सातच्या गर्दीत जाऊ नका, आणि जहाजाच्या ॲपवर टेबल राखता येत असेल तर राखा. लहान मुलं असतील तर पहिली पंगत. बरोबर आई-वडील असतील, औषधाच्या वेळा असतील, शाकाहारी जेवण सांगून करून घ्यायचं असेल, तर ठरलेली वेळ. आणि घड्याळं बदलली की सगळ्यात आधी त्यांचे फोन बघा.

बाबा ऑगस्टअखेर सांगलीला परत गेले. आता तिथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथले सकाळचे सात. त्या वेळी मी कॉफी घेऊन व्हिडिओ कॉल लावतो, "बाबा, ताट घेतलं का?" म्हणतो, आणि ते समोर फोन टेकवून जेवतात. बोलणं फार होत नाही. भाजी कुठली, पाऊस किती, एवढंच.

नोव्हेंबरमध्ये मात्र आमच्याकडे घड्याळं तासभर मागे जातात आणि सांगलीचे साडेसात इथले पहाटेचे सहा होतात. सिएटलमध्ये तेव्हा मिट्ट काळोख आणि बाहेर पाऊस. पहिल्या वर्षी बाबाच म्हणाले, "अरे, मी साडेआठला जेवत जाईन, तू झोप."

मी म्हटलं, "नको. गाडी ज्या डेपोत, घड्याळ त्या डेपोचं."